वाकडेवाडी ते तानसेन, एकटीने आणि बसने

नेपाळला जायचं पक्कं झाल्यावर घरात पहिला विषय निघाला तो विमानाच्या तिकिटाचा. मुलगा म्हणाला, "आई, पुणे-दिल्ली, दिल्ली-काठमांडू. सकाळी निघालीस तर संध्याकाळी पोचशील." त्याचं काही चुकत नव्हतं. पण मला बसनेच जायचं होतं, आणि तेही टप्प्याटप्प्याने, एका गावाहून पुढच्या गावाला, तिथली माणसं ज्या बसने जातात त्याच बसने.

मी निघाले होते पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनजवळच्या एका सामुदायिक शाळेत, तिथलं ग्रंथालय लावून द्यायला. माझी सगळी नोकरी पुण्यात शाळेच्या ग्रंथालयात झाली. पुस्तकं नोंदवणं, वर्गवारी करणं, मुलांच्या हातात योग्य वेळी योग्य पुस्तक ठेवणं, हे मला येतं. पण मी आयुष्यभर देण्याच्या टेबलाच्या अलीकडे बसलेली बाई. विमानातून उतरून थेट शाळेच्या दारात गेले असते, तर तिथेही मी पहिल्या दिवसापासून देणारीच झाले असते. त्याआधी थोडे दिवस तरी मला दुसऱ्यांवर विसंबून राहायचं होतं. रस्ता विचारायचा, जागा मागायची, कुणाच्या तरी डब्यातलं खायचं, कुणाच्या तरी भरवशावर सामान टाकून जायचं. पन्नाशी ओलांडल्यावर एकटीने पाठीवर बॅग टाकून निघण्यामागे एवढाच विचार होता.

शाळा कशी मिळाली तेही सांगते, कारण या बाबतीत माझी मतं ठाम आहेत. परदेशात स्वयंसेवा करायला बोलावणाऱ्यांची कमतरता नाही. पैसे भरा, दोन आठवडे या, मुलांबरोबर खेळा, फोटो काढा. नेपाळमध्ये अशी आमंत्रणं अनेकदा बालगृहांची असतात. तिथल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफसारख्या संस्था वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. चांगल्या शिक्षणाचं आश्वासन देऊन खेड्यातून आणलेली ही मुलं असतात, आणि अशी बालगृहं पर्यटकांची वर्दळ असलेल्या जिल्ह्यांतच दाटीने आढळतात. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने पोरांना लळा लावायचा आणि पंधरा दिवसांनी निघून जायचं, हे मला क्रूर वाटतं. त्यामुळे मुलांना सांभाळण्याचं काम नको, फुलांसारखं जपतो म्हणणारी संस्था नको, हे मी आधीच ठरवलं होतं. ओळखीतून या शाळेचा पत्ता लागला. मुख्याध्यापिकाबाईंनी उत्तरात मलाच प्रश्न विचारले. किती दिवस राहाल? तुम्ही गेल्यावर हे काम आमच्यातलं कोण पुढे चालवेल, आणि त्यांना तुम्ही काय शिकवाल? पोलिसांचा दाखला आणाल का? मुलांचे फोटो काढायचे नाहीत, चालेल का? त्या प्रश्नांनीच मला खात्री पटली. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढलं. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं, आधार कार्डावर मात्र भिस्त ठेवू नये.

बाईंनी कळवलं होतं की दसऱ्याची, म्हणजे त्यांच्या दशैंची मोठी सुट्टी लागण्याआधी या. मुलं आणि शिक्षक भेटतील, आणि सुट्टीत रिकाम्या शाळेत कपाटं हलवता येतील. म्हणून गणपती विसर्जन झाल्यावर लगेच निघायचं ठरलं.

तयारी म्हणजे मुख्यतः वजन कमी करणं. भरलेली बॅग पाठीवर घेऊन मी रोज पर्वती चढत होते, आणि वर पोचल्यावर ज्या वस्तूचा राग यायचा ती घरी येऊन काढून टाकायची. शेवटी उरले तीन जोड कपडे, एक शाल, नेपाळी गोष्टीचं एक पुस्तक, औषधं, टॉर्च, चेनचं कुलूप, पासपोर्टसाठी कमरेचा कापडी बटवा आणि शंभराच्या नोटा. शंभराच्या एवढ्यासाठी की नेपाळने २०१८ च्या डिसेंबरात त्याहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. पुढे काय बदल झाले ते होवोत, शंभराची नोट कुणीच नाकारत नाही. आणि दशम्या. दुधात भिजवलेल्या, गुळाच्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, कोरडी, भरपूर लसूण घातलेली. प्रवासात आपल्याकडे वाटण्यासारखं काही असलं की बोलणं सोपं होतं.

वाकडेवाडीच्या स्टँडवरून पहाटेची नाशिक गाडी धरली. शिवाजीनगरचा स्टँड मेट्रोच्या कामासाठी हलवला तेव्हापासून तिकडच्या सगळ्या गाड्या इथूनच सुटतात. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि त्याचा परिणाम बघायचा असेल तर सकाळी नारायणगाव-संगमनेर पट्ट्यातल्या कुठल्याही गाडीत बसावं. माहेरी, दवाखान्यात, बाजाराला, लेकीच्या कॉलेजच्या चौकशीला, एकट्या निघालेल्या बायका. माझ्या शेजारची मंचरहून चढली. तिने एक प्रश्न विचारला, "कुठवर?" मी म्हटलं, "नेपाळ." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग खिडकीशी बसा, तुम्हाला लांब जायचंय." मी निघाल्यापासून मिळालेली ही पहिली मदत, आणि ती मी घेतली.

नाशिक, धुळे, असं करत महाराष्ट्र संपला. पळासनेरनंतर अर्धं तिकीटही संपतं, सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. पुढे बिजासन घाट, सेंधवा, आणि रात्र पडायच्या आत इंदूर. अंधार व्हायच्या आत मुक्कामी पोचायचं, हा नियम मी शक्यतो शेवटपर्यंत पाळला. दुसरा नियम म्हणजे प्रत्येक बसचा नंबर मुलाला पाठवायचा. तिसरा असा की गाव सांगायचं, पण रात्री कुठे उतरणार ते कुणाला सांगायचं नाही, माणूस कितीही भला वाटला तरी. मैत्री करायची म्हणजे डोळे मिटायचे नाहीत.

खाण्याचंही तसंच. आपल्या सगळ्यांच्या मनात गुंगीच्या औषधाची भीती असते आणि ती अगदीच निराधार नाही. मी सालीची फळं घ्यायची, म्हणजे केळी, संत्री. आणि ज्या डब्यातून समोरची बाई स्वतः आणि तिचं पोर खातंय त्याच डब्यातलं खायचं. सुटं पेढा-बर्फी देणाऱ्याला हात जोडून नमस्कार. यात कुणाचा अपमान होत नाही. बायकांना तर लगेच समजतं.

मध्य प्रदेशात आपल्यासारखी सरकारी एसटी राहिलेली नाही, सगळा कारभार खासगी बसवाल्यांचा. इंदूरच्या सरवटे स्टँडवरून भोपाळ, भोपाळहून सागर. हे टप्पे भराभर गेले. इंदूरला सरवटे स्टँडसमोर पोहे खाताना दोन मराठी आज्यांनी मला त्यांच्या टेबलावर बोलावलं आणि पुण्यात हल्ली फार गर्दी झाली ना, असं विचारून माझी पूर्ण वंशावळ काढून घेतली. होळकरांच्या काळापासून तिथे असलेली मराठी घरं अजून घरात मराठी बोलतात, हे ऐकून माहीत होतं. प्रत्यक्षात ऐकताना फार बरं वाटलं.

सागरहून झाशीकडे जाणाऱ्या बसमध्ये मला या प्रवासातली पहिली खरी सोबत मिळाली. माझ्याच वयाची बाई, ललितपूरला लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. सागर भागात घरोघरी बिडी वळतात, तीही वळायची. तिची बोटं बोलता बोलता सुद्धा थांबत नव्हती. कंडक्टरने दिलेलं तिकीट तिने नकळत दोन बोटांत धरून इतकं बारीक आणि घट्ट वळलं की मी बघतच राहिले. मग तिने तेंदूपत्ता कसा भिजवायचा, कसा कापायचा, दिवसाला किती वळाव्या लागतात, आणि सट्टेदार, म्हणजे वळलेल्या बिड्या घेणारा ठेकेदार, कुठल्या कुठल्या बिड्या खराब म्हणून बाजूला टाकतो, ते सगळं सांगितलं. मला ऐकण्याशिवाय काही काम नव्हतं. दशमी तिला गोड लागली, पण चटणी तिला अशी आवडली की ती कागदात बांधून लेकीसाठी घेतली. "बाळंतिणीला तिखट?" मी म्हटलं. "उसकी सास के लिए," ती म्हणाली.

आणि स्वच्छतागृहाचा विषय. एकट्या बाईच्या बस-प्रवासाबद्दल लिहिताना तो टाळला तर लिहिण्यात अर्थ नाही. पाठीवर मोठी बॅग, पुढे छोटी बॅग, फरशी ओली, दाराला कडी नाही, आणि बस दहा मिनिटं थांबणार. अशा वेळी सोबत ही चैन राहत नाही. एकीने सामान धरायचं, दुसरीने दार. मालथौनच्या थांब्यावर मी माझी बॅग तिच्या पायाशी ठेवली आणि गेले. तासाभराच्या ओळखीवर. ती आत गेली तेव्हा तिची गाठोडी मी धरली, त्यात जुन्या मऊ साड्यांची लंगोट करण्यासाठी फाडलेली धडपी होती. ललितपूरला ती उतरली तेव्हा आम्हा दोघींना एकमेकींचं नाव माहीत नव्हतं. विचारायचं राहिलं असं नाही, गरजच पडली नाही.

झाशी, उरई, कानपूर, लखनौ. उत्तर प्रदेशातल्या रोडवेजच्या गाड्या, कोंदट हवा, आणि सगळीकडे 'अकेली हैं?' हा प्रश्न. सुरुवातीला मी त्याचं उत्तर जपून द्यायचे. मग लक्षात आलं की बायका तो प्रश्न विचारतात आणि लगेच सरकून जागा देतात. पुरुष विचारतात तेव्हा मी म्हणायचे, "आगे लोग लेने आएँगे." शेजारी बाईच हवी, हे मात्र कंडक्टरला चढतानाच सांगायचं. तो हमखास ऐकतो.

लखनौहून गोरखपूरच्या गाडीत पितृपक्षातली गर्दी होती, आणि त्यातली निम्मी दशैंसाठी घरी चाललेली नेपाळी माणसं. डोक्यावर, मांडीवर, पायाखाली सामान. माझ्या मागच्या सीटवर एक मुलगी आईला म्हणाली, "अगं सरक ना, माझा पाय दबतोय." शुद्ध पुणेरी. मी वळून बघितलं तर नवरा, बायको आणि दहा-अकरा वर्षांची लेक. नेपाळमधल्या गुल्मी जिल्ह्यातली माणसं. तो कर्वेनगरातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये स्वयंपाकी, ती चार घरची पोळ्यांची कामं करते, खोली वारज्यात, मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत. गोरखपूरच्या रेल्वेगाडीचं तिकीट वेटिंगवरच राहिलं म्हणून लखनौपर्यंत जनरलच्या डब्यातून उभ्याने आलेली. मी कोथरूडची म्हटल्यावर वहिनींनी डोळे मोठे केले. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर त्या रोज येत होत्या.

बाराबंकी ते बस्ती आम्ही बोलत होतो. म्हणजे आधी पुण्याबद्दल. कोणती भाजी कुठे स्वस्त, वारज्याचं पाणी, पीएमपीची कुठली गाडी कधीच वेळेवर येत नाही. अयोध्येजवळ शरयूचा पूल ओलांडताना तिथल्या वाळूकडे बघत त्याने विचारलं, "ताई, तुम्ही आमच्याकडे कशाला चाललात?" मी शाळेचं, पुस्तकांचं सांगितलं. "पैसे किती देणार?" काही नाही, जेवण आणि खोली. त्याने मान हलवली. मग सहज बोलावं तसा म्हणाला, "आमच्या गावातले सगळे तरुण बाहेर आहेत. कतारला, मलेशियाला, पुण्याला. शाळेत कपाट लावायला गडी नाही उरला. म्हणून तुम्हाला यावं लागतं."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. ३१ जुलै १९५० रोजी भारत-नेपाळ मैत्री करार झाला, त्यातल्या सातव्या कलमाने दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापाराची, फिरण्याची समान मोकळीक दिली. त्याच कलमाच्या आधाराने तो पुण्यात मसाला वाटतो आणि मी त्याच्या डोंगरात पुस्तकं लावायला जाते. माझ्या कामाला स्वयंसेवा म्हणतात, त्याबद्दल मला पुण्यात फुलं देऊन निरोप दिला गेला. तो त्याच रस्त्याने उलट दिशेला आला तेव्हा त्याला निरोप देताना कुणाच्या हातात फुलं नसणार. आणि आमच्या शहराची किती स्वयंपाकघरं, किती सोसायट्यांची रात्रपाळी त्याच्यासारख्यांवर उभी आहे! मी पाल्पाला जे काही देणार होते त्याच्या कितीतरी आधीपासून पाल्पा-गुल्मी मला देत होतं, हे मला बस्तीच्या आसपास त्या बसमध्ये समजलं. घरी बसून हे कुणी सांगितलं असतं तर पटलंही असतं. पण त्याच्या मांडीवरचं कुकरचं खोकं माझ्या गुडघ्याला लागत असताना ते समजणं वेगळं.

गोरखपूरला उशीर झाला. त्यांची एका ओळखीच्याकडे सोय होती. मी धर्मशाळेत गेले आणि तिथल्या मोठ्या खोलीत पांढऱ्या साड्यांतल्या नांदेडच्या बायका भेटल्या. कुशीनगर बघून आल्या होत्या, सकाळी लुंबिनीला निघायच्या होत्या. जयभीम झालं. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर आजींनी माझ्यासाठी भिंतीकडची जागा मोकळी करून दिली. ही त्यांची तिसरी खेप होती, आणि पहिल्यांदा निघणाऱ्या सगळ्यांची त्या आई झाल्या होत्या. पायांना तेल चोळता चोळता त्या मला सांगत होत्या, "बाबासाहेब नेपाळला गेले होते, माहीत आहे का? छप्पन्न साली, नोव्हेंबरात. काठमांडूला जागतिक बौद्ध परिषद होती. दीक्षेनंतर महिन्याभरात. तब्येत ठीक नसताना गेले. मग आम्हाला बसचा काय त्रास?" त्यानंतर मी पाठ दुखते असं म्हटलं नाही.

सकाळी सोनौलीच्या बसमध्ये नांदेडच्या बायका, गुल्मीचं कुटुंब आणि मी. अर्ध्या बसमध्ये मराठी चाललेली. वारज्याची पोर नांदेडच्या आजीला शाळेतली कविता म्हणून दाखवत होती, आजी तिला बुद्धवंदना शिकवत होत्या. गोरखपूर ते सोनौली हा शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, फरेंदा, नौतनवा, दोन्ही बाजूंना भातखाचरं. मला तो संपू नये असं वाटत होतं.

सीमेवर ट्रकांची लांबच लांब रांग. बसमधून उतरून चालत कमानीखालून पलीकडे जायचं. पलीकडे बेलहिया. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं आणि पैशांचा हिशोब एकाला एक पूर्णांक सहा दशांश, नेपाळी रुपयाचा हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. माझी पाठीवरची बॅग कुणी उघडायला सांगितली नाही. "टूरिस्ट?" एवढं विचारून हाताने पुढे जा म्हणून खूण. गुल्मीच्या माझ्या माणसांना मात्र टेबलापाशी थांबवलं. कुकरचं खोकं उघडलं, मिक्सरचं उघडलं, म्हाताऱ्या आईसाठी घेतलेलं ब्लँकेट घडी मोडून झटकलं, मुलीच्या दप्तरातल्या वह्या बाहेर काढल्या. मी परत गेले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. मागोमाग आजी आल्या, मग नांदेडच्या सगळ्याच. कुणी आवाज चढवला नाही, वाद घातला नाही. आम्ही नुसत्या उभ्या होतो. थोड्या वेळाने खोकी बंद झाली आणि त्यांना जाऊ दिलं. वहिनींनी ब्लँकेटची घडी पुन्हा घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, अगदी दुकानातल्यासारखी. चिडल्या का असं विचारलं तर म्हणाल्या, "दर वर्षीचं आहे, ताई."

मला मात्र राग आला होता आणि तो अजून आहे. वर्षभर राबून घरच्यांसाठी वस्तू नेणाऱ्या माणसाकडे संशयाने बघायचं आणि हौसेने निघालेल्या माझ्यासारखीला वाट मोकळी करायची, यात कसलाही न्याय नाही.

भैरहवाला नांदेडकर लुंबिनीकडे वळल्या. अशोकाचा स्तंभ बघून परतताना तानसेनला येता येईल का, अशी चौकशी आजींनी केली, तेव्हा त्यांच्या लेकीने त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. आम्ही बुटवलची बस पकडली. बुटवलला पुढची. गुल्मीची गाडी तानसेनवरून आणि रिडीवरून जाते, म्हणजे तानसेनपर्यंत आम्ही सोबतच.

बुटवल सोडलं की लगेच सिद्धबाबाचा पट्टा लागतो. एका बाजूला तिनाउ नदीची दरी, दुसऱ्या बाजूला सुटणारा डोंगर. पावसाळाभर तिथे दगड पडतात. मी गेले तेव्हा बोगद्याचं काम चालू होतं. आम्ही पोचलो तेव्हा वरून दगड येत होते आणि वाहतूक थांबवली होती. दोन-तीन तास गाडी जागची हलली नाही. बसमध्ये लोकदोहोरी, म्हणजे सवाल-जवाबाची नेपाळी लोकगीतं, लावलेली, तीही शेवटी ड्रायव्हरने बंद केली. मग लोकांनी च्युरा, म्हणजे पोहे, आणि भाजलेले सोयाबीन काढले, पिशवी सीटवरून सीटवर फिरली. माझ्याकडे चटणीचा तळ उरला होता, तीही फिरली. मुलीला मी पुण्याहून नेलेल्या बॅगेतून एक नेपाळी गोष्टीचं पुस्तक काढून दिलं. लिपी देवनागरीच. तिने आधी मराठीसारखं धडाधडा वाचलं, आईने मध्ये मध्ये उच्चार सुधारले. घरात नेपाळी बोलणारी, शाळेत मराठी वाचणारी ती पोर स्वतःच्या घरची भाषा पहिल्यांदाच छापील वाचत होती. वाचून झाल्यावर तिने पुन्हा पहिलं पान उघडलं. आईला म्हणाली, "हे आजी बोलते तसंच आहे." पुढच्या सीटवरचे एक म्हातारे गृहस्थ ऐकत होते, त्यांनी मोठ्याने वाच म्हणून सांगितलं. तिने उभं राहून वाचलं. मी इतकी वर्षं ग्रंथालयात काढली, पण वाचक आणि पुस्तकाची अशी गाठ पडताना क्वचितच बघितली असेल.

रस्ता सुटला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तानसेनच्या बर्तुङ नाक्यावर मी उतरले. मुख्याध्यापिकाबाई स्वतः घ्यायला आल्या होत्या. वहिनींनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना माझ्याबद्दल नेपाळीत बरंच काही सांगितलं. त्यातलं मला एवढंच कळलं की मला लवकर झोप लागत नाही आणि सकाळी गरम पाणी लागतं. गोष्टीचं पुस्तक मुलीकडेच राहिलं. नोंदवहीत त्याची पहिली नोंद मी तिच्या नावावर केली आहे, परतीची तारीख दशैंनंतरची.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला ग्रंथालय दाखवलं. तीन कपाटं, तिन्हींना कुलपं, किल्ल्या कार्यालयात. पुस्तकं चांगली होती, बरीचशी कोरी. वर्गवारीचं बोलायला मी तोंड उघडणार होते, पण मग म्हटलं, आधी वरच्या वर्गातल्या मुलींना विचारूया की त्यांना कुठली पुस्तकं कुठे हवीत. सातवीतल्या चौघी आल्या. पहिलीने विचारलं, किल्ली कोणाकडे राहणार? त्यावर बाई आणि मी बराच वेळ बोललो. सध्या एक किल्ली त्या चौघींकडे आहे, आठवड्याला एकीकडे.

घटस्थापनेला घरोघरी जमरा पेरला, आपल्या घटात धान्य पेरतात तसाच. शाळा रिकामी झाली आहे आणि कपाटं भिंतीपासून पुढे ओढून मागची ओल पुसायचं काम चालू आहे. दसऱ्याला टीका, म्हणजे कपाळाला टिळा, लावून घ्यायला गुल्मीहून बोलावणं आलंय. टीका कोजागिरीपर्यंत चालतो, त्यामुळे मी एक दिवस उशिरा गेले तरी चालेल असं वहिनी फोनवर म्हणाल्या. येताना पुस्तक बदलून आणा, असा लेकीचा निरोप आहे. हे वाचून झालं, आता जाडं हवं.